दुकान बंद झालं, खातेवही उरली: 'लास्ट रिझॉर्ट रजिस्ट्री'ने दिलेल्या आयपी पत्त्यांचं काय करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही चाकणजवळच्या एका कारखान्यात आयटी बघता. तुमच्या जर्मन मालक कंपनीने तिकडची एक छोटी कंपनी विकत घेऊन बंद केली आणि तिच्या मशिनी इथे पाठवल्या. मशिनींसोबत एक फाइल आली. तीत जानेवारी १९९४ चा फॅक्स आहे: १९३ ने सुरू होणारे २५६ आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर मशिनींना ओळखायचे आकडे, त्या छोट्या कंपनीला दिल्याचा. देणारी 'लास्ट रिझॉर्ट रजिस्ट्री', जी आज शोधून सापडत नाही. मशिनी अजून तेच पत्ते लावून बसल्यात. तुमचे प्रश्न तीन: ही संस्था होती काय आणि बंद का केली, पत्ते आता कुणाचे, आणि आपल्या पुण्याच्या आयएसपीकडून (इंटरनेटची लाइन देणाऱ्या कंपनीकडून) ते इंटरनेटवर अनाउन्स करता येतील का, म्हणजे 'हे पत्ते इथे आहेत' असं जगाला जाहीर करता येईल का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण एवढ्यात कुणीतरी उत्साहाने करून बसेल. आत्ता करू नका. आयएसपी कदाचित 'लेटरहेडवर एक पत्र द्या, करतो' म्हणेलही. तरी नाही.

आता मुळापासून.

१९९० पर्यंत जगात कुणालाही आयपी पत्ते हवे असले की अर्ज अमेरिकेला जायचा. ऑगस्ट १९९० मध्ये इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या व्हिंट सर्फ यांच्या नावाने आरएफसी ११७४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कामकाजाचा क्रमांक दिलेला जाहीर कागद) निघाली आणि हे काम बाहेरच्या संस्थांकडे सोपवायची वाट मोकळी झाली. युरोपातल्या नेटवर्कवाल्यांची 'राइप' ही बैठक १९८९ पासून भरत होतीच. एप्रिल १९९२ मध्ये तिची कचेरी, म्हणजे राइप एनसीसी, अॅमस्टरडॅमला सुरू झाली. माणसं तीन. १९३ आणि १९४ ने सुरू होणारे पट्टे युरोपच्या वाट्याला आले, तसे आपल्या बाजूला, म्हणजे आशिया-पॅसिफिकला, २०२ आणि २०३. ज्यांनी व्हीएसएनएलच्या डायल-अपच्या दिवसांत २०२.५४ ने सुरू होणारे आकडे सेटिंगमध्ये भरलेत, त्यांना हा पट्टा पाठ असेल.

तीन माणसं अख्ख्या युरोपचे अर्ज तपासू शकत नाहीत. म्हणून देशोदेशी स्थानिक रजिस्ट्र्या नेमल्या. ज्याच्याकडून तुम्ही लाइन घेता तोच तुम्हाला पत्ते देईल, ही सरळ व्यवस्था. पण १९९२-९३ मध्ये बऱ्याच देशांत इंटरनेटची लाइन विकण्याचा धंदा नीट उभाच राहिला नव्हता. मग ज्याला आयएसपीच नाही त्याने जायचं कुठे? त्यासाठी देशात एक संस्था ठरवली जायची. बहुधा एखादं विद्यापीठ किंवा संशोधन नेटवर्क, जे देशाचं डोमेनही सांभाळत असे. तिथे अर्ज भरायचा: आज किती मशिनी, वर्षाने किती, दोन वर्षांनी किती. पत्ते मिळायचे, लाइन नाही. कुणीच दिलं नाही तर इथे या, असं ते दुकान. नावच 'शेवटचा आधार'.

आज विसरली जाणारी एक गोष्ट इथे सांगायला हवी. तेव्हा १०. किंवा १९२.१६८. हे खाजगी पत्ते, म्हणजे कुणालाही न विचारता आपल्या घरात वापरता येणारे, अस्तित्वात नव्हते. तुमच्या त्या जर्मन कंपनीला इंटरनेटशी काही देणंघेणं नसेल. तिला फक्त मशिनींना एकमेकींशी बोलतं करायचं असेल. पण मनाने आकडे लावले आणि उद्या इंटरनेटला जोडलं, तर दुसऱ्याच्या आकड्यांवर आदळायचं. म्हणून जाणकार सांगायचे, 'रीतसर नंबर घेऊन ठेवा.' घरातल्या घरात वापरायचे पत्ते घराबाहेर कुठेही चालतील असे घेतले जायचे. खाजगी पत्त्यांची पहिली आरएफसी, १५९७ क्रमांकाची, निघाली मार्च १९९४ मध्ये. तुमचा फॅक्स जानेवारीचा. दोन महिने थांबले असते तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.

मग अशी सोयीची संस्था गुंडाळली का? बहुतेक जण सांगतील, 'पत्ते संपत आले होते म्हणून.' हे अर्धंच खरं. पत्त्यांपेक्षा मोठी अडचण रस्त्याची होती.

पिन कोड घ्या. कोलकात्याच्या सॉर्टिंग ऑफिसातला माणूस ४११ एवढेच आकडे बघतो आणि पत्र पुण्याच्या पिशवीत टाकतो. कसबा की कोथरूड याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आता समजा, कुणीतरी पुण्यातल्याच एका वाड्याला कुठल्याच शहराचा नसलेला स्वतंत्र पिन दिला. त्या एका वाड्याची ओळ देशातल्या प्रत्येक सॉर्टिंग ऑफिसच्या भिंतीवर लिहावी लागेल. असे दहा हजार वाडे झाले तर भिंत पुरणार नाही. लास्ट रिझॉर्ट रजिस्ट्री नेमकं हेच करत होती. पत्ता देताना तो कोणत्या आयएसपीच्या वाटेवर आहे हे तिला माहीतच नसायचं, कारण वाट अजून ठरलेलीच नव्हती.

भिंत खरोखरच पुरत नव्हती. इंटरनेटवर सॉर्टिंग ऑफिस म्हणजे राउटर, आणि भिंत म्हणजे त्याची मेमरी. त्या काळी सिस्कोचा एजीएस प्लस हा राउटर मोठमोठ्या ठिकाणी असायचा. त्याची मेमरी जास्तीत जास्त सोळा एमबी. १९९४ च्या सुरुवातीला जगाचं राउटिंग टेबल, म्हणजे कोणता पट्टा कुठल्या वाटेने याची यादी, वीस हजार ओळींच्या आसपास पोचलं होतं आणि फुगतच होतं. (आज आयपीव्ही४ च्या, म्हणजे याच जुन्या पद्धतीच्या पत्त्यांच्या, साधारण दहा लाख ओळी आहेत आणि राउटर ते पेलतात. पण तेव्हाचं गणित तेव्हाच्या मेमरीवर करायचं.)

गंमत म्हणजे टेबल फुगण्यामागे एक चांगला हेतू होता. जुन्या पद्धतीत पत्त्यांचे ठोकळे तीनच मापांत मिळायचे: क्लास ए म्हणजे दीड कोटीच्या वर पत्ते, क्लास बी म्हणजे पासष्ट हजार, क्लास सी म्हणजे अडीचशे. हजार मशिनींच्या कंपनीला सी अपुरा, बी अंगावर तंबू घातल्यासारखा. सगळे बी मागायचे, आणि बी जगात सोळा हजारांच्या थोडे वर, बस. ते संपतील या धास्तीने सांगितलं गेलं, 'बी देऊ नका, चार-सहा सी द्या.' पत्ते वाचले, पण टेबलात एका ओळीच्या जागी सहा ओळी आल्या. पाण्याची टाकी वाचवायला गेलो आणि पाइप तुंबला.

त्यावरचा इलाज सप्टेंबर १९९३ मध्ये आला: सायडर, आरएफसी १५१९. क्लासची मापं मोडीत काढा, आयएसपीला एक मोठा सलग पट्टा द्या, तो त्याचे तुकडे गिऱ्हाइकांना देईल आणि जगाला एकच ओळ दाखवेल. १९९४ मध्ये हे प्रत्यक्ष चालू झालं तेव्हा टेबलाच्या वाढीला लगाम बसला. पण हा इलाज चालतो कधी, तर गिऱ्हाईक आयएसपीचेच पत्ते वापरतं तेव्हा. लास्ट रिझॉर्टवाले मात्र रोज नवा सुटा तुकडा बाजारात सोडत होते. देणाऱ्याला खर्च नाही, घेणाऱ्याला जवळजवळ नाही. खर्च कुणाला? जगाच्या दुसऱ्या टोकाला राउटर चालवणाऱ्या अशा माणसाला, ज्याचा या व्यवहाराशी काही संबंध नाही. माझ्या मते ही संस्था बंद होण्याचं खरं कारण एवढंच आहे. बाकीची त्याच्या भोवतीने आली.

बाकीची म्हणजे, पहिलं, गरज सरली. खाजगी पत्ते आले, त्यामुळे न जोडलेल्या कारखान्यांचा प्रश्न सुटला. १९९५ पर्यंत पश्चिम युरोपात आयएसपी झाले, त्यामुळे 'मला कुणीच देत नाही' ही तक्रारही उरली नाही. दुसरं, आजीची खोड. आयएसपीने अर्ज तपासून 'तुम्हाला चौसष्ट पुरतील' म्हटलं की गिऱ्हाईक लास्ट रिझॉर्टकडे जायचं. आई नाही म्हणाली की पोर आजीकडे जातं, तसं. नियम दोन्हीकडे एकच, पण तपासणारी नजर वेगळी. तिसरं, पैसा. राइप एनसीसीचा खर्च पुढे सभासद आयएसपींच्या वर्गणीवर चालू लागला. मग विद्यापीठाच्या एखाद्या खोलीत फुकट चाललेलं काम कुणाच्या खात्यावर टाकायचं, हा वाद आलाच.

तरी एका रात्रीत कुलूप लागलं नाही. १९९५-९६ च्या सुमारास आधी नवी रजिस्ट्री उघडणं थांबलं, मग असलेल्या मिटत गेल्या. जोडीने पत्त्यांच्या दोन जाती ठरल्या. 'पीए' म्हणजे आयएसपीच्या पट्ट्यातले: आयएसपी सोडला की पत्तेही सोडायचे. 'पीआय' म्हणजे कुणाच्याच पट्ट्यात नसलेले: तुमच्याबरोबर येतात, पण जग ते वाहून नेईल याची हमी नाही. राइपने रजिस्ट्र्यांना बजावलं होतं, की कोणत्या जातीचे पत्ते देताय ते गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगा. हमी नसण्याचा अनुभव लोकांना लवकरच आला. अमेरिकेतल्या स्प्रिंटने त्याच सुमारास नव्या पट्ट्यांतले बारीक तुकडे आपल्या नेटवर्कवर घ्यायलाच नकार दिला. आपल्याकडे रीतसर कागद आहे आणि तरी अर्ध्या अमेरिकेत पोचता येत नाही, अशी लोकांची गत झाली. ऑक्टोबर १९९६ च्या आरएफसी २००८ मध्ये हा विचार उघडपणे मांडला गेला: पत्ता मालकीचा समजू नका, उसना समजा.

मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे. पण 'उसना' हा शब्द लिहिणाऱ्याला सोपा असतो. परत करणाऱ्याला विचारा.

मी या कामात १९९७ पासून आहे, त्यातली काही वर्षं नेदरलँड्समध्ये काढली. तिथे एका शीतगृहाने आयएसपी बदलला आणि पत्ते बदलायचं काम आमच्या गळ्यात पडलं. शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात. सर्व्हर आणि पीसी शनिवारी दुपारपर्यंत उरकले. मग उरली लेबल छापणारी यंत्रं, गोदामात, उणे बावीस अंशांच्या शेजारच्या खोलीत. एकेका यंत्राला चार बटणं आणि दोन ओळींचा पडदा. पत्त्याचा एकेक आकडा बटण दाबून वर न्यायचा. १९३ वरून २१२ वर जायला एकोणीस वेळा दाबायचं, हातमोजे घालून, आणि एकदा जास्त दाबलं गेलं की फिरून पहिल्यापासून. अशी एकतीस यंत्रं. रविवारी रात्री सगळं चालू झालं आणि सोमवारी सकाळी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर उघडेना, कारण त्याची लायसन्सची फाइल जुन्या आयपीला बांधलेली आणि ती बनवून देणारा माणूस सुट्टीवर. तेव्हा मलाही वाटलं होतं, की लास्ट रिझॉर्टचे पत्ते असते तर बरं झालं असतं. म्हणून आजही कुणी पीआय मागितला तर मी त्याला नावं ठेवत नाही.

आता तुमचे पत्ते कुणाचे?

दुकान बंद झालं म्हणून खातेवही जळत नाही. त्या रजिस्ट्रीने दिलेल्या नोंदी राइपच्या डेटाबेसमध्ये आहेत. हे सातबाऱ्यासारखं समजा. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव, जमीन कसतो नातू, आणि फेरफार कुणी घातलाच नाही. सातबारा जसा महसुली नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही, तसंच या नोंदीचंही आहे. आणि जसं गावात कुणीतरी अशा बेवारस वाटणाऱ्या उताऱ्यांवर डोळा ठेवून असतो, तसं इथेही आहे.

ही शेवटची गोष्ट हलक्यात घेऊ नका. युरोपचा साठा २५ नोव्हेंबर २०१९ ला पूर्ण संपला. २०२१-२२ मध्ये एका पत्त्याचा भाव पन्नास डॉलरच्या घरात गेला होता. पुढे उतरला, तरी २५६ पत्त्यांची रक्कम लहान नाही. चोराची पद्धत साधी असते. नोंदीत १९९४ चा ईमेल असतो, कंपनी बंद पडलेली असते, तिचं डोमेन कुणी चालू ठेवलेलं नसतं. चोर ते डोमेन विकत घेतो आणि त्या ईमेलवरून 'मीच तो' म्हणून पुढे येतो. म्हणून तुम्हाला पहिलं काम: त्या छोट्या कंपनीचं जुनं डोमेन आज कुणाकडे आहे ते बघा. मोकळं असेल तर जर्मन ऑफिसला सांगून आजच घ्यायला लावा. वर्षाचा खर्च एका जेवणाएवढा येईल.

मग राइपच्या डेटाबेसमध्ये तो पत्ता टाकून 'स्टेटस'ची ओळ वाचा. तुमचा १९३ चा आहे, म्हणजे बहुधा 'असाइन्ड पीआय' दिसेल. 'लेगसी' असं दिसलं, तर तो सध्याची व्यवस्था बसण्याआधीचा किंवा तिच्या बाहेरून दिलेला समजला गेलाय, आणि त्याचे नियम जरा सैल आहेत. 'पीए' दिसलं, तर विषय संपला: तो कुठल्यातरी आयएसपीचा आहे, मुकाट्याने सोडून द्या. नोंदीच्या जुन्या प्रतीत त्या पट्ट्याच्या वर 'अलोकेटेड पीआय' अशी मोठी नोंद दिसली तर घाबरू नका. रजिस्ट्र्यांना पीआय वाटण्यासाठी दिलेल्या पट्ट्यांना ते स्टेटस असे. ती त्या बंद दुकानाची खूण.

पीआय असेल तर गोम करारात आहे. २००९ पासून राइपच्या भागात पीआय वापरणाऱ्याचा एखाद्या सभासद आयएसपीशी, ज्याला स्पॉन्सरिंग एलआयआर म्हणतात, किंवा थेट राइप एनसीसीशी लेखी करार असावा लागतो. जुन्या पीआयवाल्यांनाही नंतर त्यात ओढलं गेलं. बंद पडलेल्या कंपनीने हा करार केला होता का? कदाचित हो, आणि तिचं वर्षाचं बिल कुणी भरत नसेल. कदाचित मालक कंपनीच्या लेखाविभागात ते बिल 'हे कसलं' म्हणून पडून असेल. मी असं दोनदा पाहिलंय. करार नसेल किंवा तुटला असेल, तर राइप एनसीसी पत्ते परत घेऊ शकते.

फेरफार घालण्याचा अधिकार चाकणच्या ऑफिसला नाही, हेही लक्षात घ्या. ज्या कंपनीने विकत घेतलं तिने, म्हणजे जर्मनीतल्या कंपनीने, व्यापारी नोंदणीचा उतारा आणि विलीनीकरणाचे कागद जोडून स्पॉन्सर आयएसपीमार्फत अर्ज करायचा. साखळीतला एकही दुवा गाळायचा नाही. मूळ कंपनीचं मध्ये नाव बदललं असेल तर त्याचाही कागद लागेल. नाव लागलं की आरओए काढता येतो, म्हणजे 'हा पट्टा अमुक नेटवर्कने अनाउन्स करायला आमची मान्यता' अशी डिजिटल सही. आता बरेच मोठे आयएसपी हे तपासतात. तुमचा आयएसपी लेटरहेडवर मानेलही, पण दुसऱ्या कुणी त्याच पट्ट्याचा आरओए काढलेला असेल, तर तुमची ओळ पुढे अडेल आणि तुम्ही उगाच लाइन तपासत बसाल.

कुणीतरी विचारेलच, की हे पत्ते आपल्याकडे इरिनमध्ये का नोंदवायचे नाहीत? इरिन २०१२ पासून भारतातल्या सभासदांना पत्ते देते, आणि तिला लास्ट रिझॉर्ट समजू नये. ती नेहमीचं दार आहे. पण तुमची खातेवही दुसऱ्या गावची. आधी तिथला फेरफार, मग हस्तांतराचं बघता येईल.

हे सगळं वाचून एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा: अनाउन्स करायचंय कशाला? मशिनींना इंटरनेटवर तोंड दाखवायची गरज दिसत नाही. आत त्या १९३ वर चालल्यात तर चालू द्या, फक्त हे पत्ते फायरवॉलमधून बाहेर गळत नाहीत एवढं बघा. पुढच्या मोठ्या शटडाउनला त्यांना १०. वर हलवा. तेव्हा बटणं कुणाच्या हातात असतील आणि लायसन्सची फाइल कशाला बांधलेली आहे, हे आधी विचारून ठेवा. मोकळ्या झालेल्या २५६ पत्त्यांचं काय करायचं ते मग जर्मनीवाल्यांना ठरवू दे. वस्तू त्यांची आहे.

आणि हे सगळं बाजूला ठेवून आत्ता उठा आणि तो फॅक्स स्कॅन करा. तो थर्मल कागद आहे, उजेडात आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात अक्षरं उडतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तारीख दिसतेय, पण खालच्या दोन ओळी, जिथे पत्ते कुणाला दिले ते लिहिलेलं असतं, मला आत्ताच वाचता येत नाहीत.